वास न येणाऱ्याने पाहिलेला ‘गंध’

2021 साली कोविड झाला आणि मला वास येणं बंद झालं, ते कायमचंच. दूध नासलंय का, गॅस गळतोय का, हे आता दुसऱ्याला विचारावं लागतं. आईच्या जुन्या साडीत नाक खुपसलं तर हाताला लागतं तेवढंच, नुसतं सुती कापड.

अशा माणसाने सचिन कुंडलकरचा ‘गंध’ (2009) का बघावा? त्यातल्या पहिल्या कथेतली वीणा एका तरुणाच्या वासाने ओढली जाते. वाटलं, इथेही आपण बाहेरच. पण पडद्याला कुठे वास असतो? ज्यांची नाकं शाबूत आहेत, तेही इथे माझ्याच रांगेत. सगळ्यांनी अमृता सुभाषच्या चेहऱ्यावरून आणि कानावर पडणाऱ्या आवाजांवरूनच वास ओळखायचा. या सिनेमाला पटकथेसोबत ध्वनीसाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

तक्रार एकच. श्वास जिथे फार ठळकपणे ओढला जातो, तिथे ‘आता वास येतोय बरं का’ अशी सूचना मिळाल्यासारखं होतं. चेहऱ्यावर भरवसा ठेवायला हवा होता.

मी तर रोज त्याच भरवशावर जेवतो. बायको पातेल्यावरचं झाकण उचलते, तेव्हा मी वाफेकडे नाही, तिच्याकडे बघतो. डाळ लागली असेल तर आधी तिचं नाक आक्रसतं. पूर्वी असं बघणं लाचारीचं वाटायचं. ‘गंध’ पाहिल्यापासून तसं वाटत नाही.