उसन्या पुस्तकाची संहिता

एका तांत्रिक संहितेचे परीक्षण दिवाळी अंकाच्या पानांत यावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु कायद्याची भाषा आपण तपासतो, जाहिरातीची तपासतो, पाठ्यपुस्तकांची तर हमखास तपासतो. मग माणसांच्या संभाषणाचे नियम ज्या भाषेत लिहिले जातात तीच तेवढी यंत्रज्ञांच्या स्वाधीन करून आपण मोकळे का व्हावे?

मी वाचली ती संहिता 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' या नावाची. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २३ जानेवारी २०१८ रोजी ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. फेसबुक किंवा एक्स यांच्यासारख्या जागी सर्व माणसे एकाच मालकाच्या वाड्यात राहतात. येथे तसे नाही. मॅस्टोडॉनची हजारो लहानमोठी केंद्रे आहेत. छायाचित्रांसाठी पिक्सेलफेड आहे, चित्रफितींसाठी पीअरट्यूब आहे. प्रत्येकाचा सर्व्हर निराळा, चालक निराळा, नियम निराळे. तरीही एका केंद्रातला माणूस दुसऱ्या केंद्रातल्या माणसाचे लेखन वाचू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो; कारण निरोप कसा बांधायचा आणि कोठे टाकायचा, एवढ्यापुरता सर्वांचा संकेत एक आहे आणि तो कोणालाही वाचायला व वापरायला मोकळा आहे.

या संहितेच्या आरंभीच एक गोष्ट आहे, आणि ती उसन्या पुस्तकाची आहे. अलिसा आपल्या बेन नावाच्या मित्राला विचारते, की मी दिलेले पुस्तक वाचून झाले का? तिचा निरोप तिच्या सर्व्हरवरील 'जावक' पेटीत पडतो. सर्व्हर बेनची माहिती काढून त्याच्या 'आवक' पेटीचा पत्ता मिळवतो आणि निरोप तेथे पोचवतो. काही वेळाने अलिसा आपली आवक पेटी पाहते, तो बेनचे उत्तर आलेले असते: क्षमा कर, उद्या परत करतो. अलिसा त्या उत्तरावर पसंतीची खूण करते. एवढ्यात साऱ्या व्यवहाराचे मर्म सांगून झाले.

रत्नागिरीच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. आमचे नगर वाचनालय १८२८ सालचे; पुस्तक नेणे, ठेवून घेणे आणि ओशाळून परत करणे या कलांत आम्ही बऱ्याच पिढ्या मुरलेलो आहोत. परंतु गोष्ट बारकाईने वाचली की एक गंमत ध्यानात येते. ही नावे लेखकांची स्वतःची नव्हेत. ॲबल्सन आणि ससमन यांचे संगणकशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक १९८५ साली निघाले. त्यातल्या उदाहरणांत वावरणारी ही पात्रे. बेन आपल्या उत्तरात ज्या प्रकरणाचा उल्लेख करतो तेही त्याच पुस्तकातले आहे. म्हणजे उसने दिलेले पुस्तक कोणते, हे न सांगताच सांगितले आहे. पण ते कळते फक्त ज्याने ते पुस्तक वाचले आहे त्याला. नियम सर्वांना खुला, आणि विनोद मात्र आपल्याच मंडळींसाठी! या संहितेला अभिप्रेत असलेला वाचक कोण, हे त्या एका विनोदात उघड होते. तो प्रोग्रॅमर आहे. तो आपला सर्व्हर स्वतः चालवील, असे येथे न बोलता गृहीत धरलेले आहे.

हिच्या जोडीची दुसरी संहिता २०१७ ची. तिच्यात २८ क्रियापदांची यादी आहे. निर्माण करणे, बदलणे, मागे घेणे, अनुसरणे, पसंत करणे, पुकारणे, दुर्लक्ष करणे, वाट अडवणे. मान्य करणे आहे, नाकारणे आहे, आणि 'तूर्त मान्य' अशीही एक क्रिया आहे. लग्नाच्या आमंत्रणाला 'बघू, जमलं तर येतो' असे उत्तर देणाऱ्या आपल्या माणसांची सोय परदेशी यंत्रज्ञांनी करून ठेवावी, याचे मला कौतुक वाटले. मजकूर पुसल्यावर त्या जागी जी खूण ठेवता येते, तिला संहितेने थडग्यावरच्या दगडाचे नाव दिले आहे. येथे काही होते आणि ते अमुक वेळी गेले, एवढेच तो दगड सांगतो. शब्दांची ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. पुसण्याची आज्ञा दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालत नाही. ती विनंतीच असते. बोललेला शब्द परत घेता येत नाही, ही जुनी समज संहितेने प्रामाणिकपणे स्वीकारली आहे.

हे सारे मला का महत्त्वाचे वाटते, ते सांगतो. एका कंपनीच्या संकेतस्थळावर मी सहा-सात वर्षे कोकणातील जुन्या छापखान्यांविषयी टिपणे लिहीत असे. एके दिवशी संकेतस्थळ बंद होत असल्याची सूचना आली, आणि ठरल्या तारखेला ते बंद झाले. टिपणे माझ्या वहीत होती. गेली ती उत्तरे. कोणी आजोबांच्या खिळ्यांच्या पेटीविषयी लिहिले होते, कोणी माझी चूक दाखवून दिली होती. त्या माणसांचे पत्ते माझ्याकडे नव्हते; ते कंपनीकडे होते. हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, भारतीय भाषांची म्हणून गाजलेली 'कू' जुलै २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी मराठीतले किती बोलणे वाहून गेले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

टपालाच्या बाबतीत असा प्रसंग आपल्यावर आला नाही. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ देशांनी टपालाचा करार केला आणि १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात आला. त्यापूर्वी देशादेशांतले दर आणि करार निरनिराळे असत. प्रत्येक देशाचे टपालखाते वेगळेच राहिले. पाकिटाचे नियम तेवढे एक झाले. पत्रात काय लिहावे, यात त्या कराराने कधी हात घातला नाही. अ‍ॅक्टिव्हिटीपबचे मोठेपण मला असेच वाटते. ती पाकिटापाशी थांबते.

परंतु पाकीट म्हणजे पत्रव्यवहार नव्हे, आणि येथेच संहितेच्या भक्तांशी माझा मतभेद आहे. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे वाडीवाडीत भजने चालतात. प्रत्येक मंडळ निराळे, बुवा निराळा, चाली निराळ्या. पण रूपाचा अभंग केव्हा, गजर केव्हा, गौळण केव्हा, हे सर्वांना ठाऊक. म्हणून मुंबईहून आलेला चाकरमानी परक्या वाडीतही टाळ उचलून बसू शकतो. या साऱ्याला कोठे मुख्य कचेरी नाही. तथापि रीत माहीत आहे म्हणून भजन होत नाही. कोणीतरी सतरंजी अंथरतो, कोणीतरी बारा वाजता चहा टाकते, म्हणून ते होते. बुवा थकला, पोरे शहरात गेली, की रीत शाबूत असूनही मंडळ बंद पडते.

फेडिव्हर्सचेही तसेच आहे. तेथील माणसाचा पत्ता त्याच्या केंद्राच्या नावाला चिकटलेला असतो. मॅस्टोडॉनमध्ये केंद्र बदलताना अनुयायी बरोबर नेता येतात, जुने लेखन नेता येत नाही. अफगाणिस्तानच्या खुणेने संपणाऱ्या पत्त्यावर वसलेले एक केंद्र, फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील सत्तेने तो पत्ताच काढून घेतल्यामुळे बंद पडले. ब्लूस्काय ज्या एटी प्रोटोकॉलवर चालते, त्यात माणसाची ओळख त्याच्या सर्व्हरपासून वेगळी ठेवली आहे, आणि हा दोष ओळखल्याबद्दल त्याच्या कर्त्यांना श्रेय दिले पाहिजे. पण तेथील बहुतेक वस्ती अजून एकाच कंपनीच्या आश्रयाने आहे. भारतातून नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर रुसून बरीच मंडळी मॅस्टोडॉनवर गेली होती. पुष्कळजण लवकरच परतले. दार उघडे होते. आत आपले असे कोणी नव्हते.

म्हणून माझा निष्कर्ष संहितेच्या बाजूचाही आहे आणि विरुद्धही. मुक्त संकेत माणसाला निघून जाण्याचे स्वातंत्र्य देतो, आणि ते फार मोठे आहे. राहण्याजोगे घर मात्र तो देत नाही. ते कोणीतरी चालवावे लागते. मराठीत हे काम कोणी करावे, असे मला विचाराल तर मी वाचनालयांकडे बोट दाखवीन. सभासदांची यादी, वर्गणी, विश्वस्त, आणि भांडण झाल्यास बसणारी समिती: लहान सर्व्हर नीट चालवायला यंत्राखेरीज जे लागते ते हेच, आणि वाचनालयांना ते जन्मापासून येते. मजकुराबरोबर त्याची भाषा नोंदवण्याची सोय संहितेत आहे. तेथे मराठी लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

बेनने पुस्तक परत केले की नाही, ते संहिता स्पष्ट सांगत नाही. तिचे काम निरोप पोचवण्याचे होते, ते तिने केले. पुस्तकाची आठवण ठेवणारी, नोंदवही उघडून तारीख पाहणारी व्यक्ती टेबलामागे बसलेली असावी लागते. ती खुर्ची आपल्या वाचनालयांत अजून आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत एखाद्या तालुक्याच्या गावी तरी तिच्यासमोर असा एक सर्व्हर सुरू झालेला पाहायला मला आवडेल. आणि माझी छापखान्यांची टिपणे तेथे मी पुन्हा पहिल्यापासून लिहीन.