सूक्ष्मदर्शकाची अर्धी साक्ष

‘स्टेनलेस स्टील गंजत नाही’ हे वाक्य आपण वर्गात सहज सांगून जातो. एखादा चौकस विद्यार्थी अडला, तर पुस्ती जोडतो, ‘शंका असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली बघावे, दोष कळतोच.’ पहिले वाक्य ढोबळ आहे. दुसरे अधिक फसवे, कारण ते शास्त्रीय वाटते.

आमच्या पिंप्राळ्यात काय किंवा कुठेही काय, स्टीलची टाकी वेल्डिंगने जोडताना जोडाच्या दोन्ही अंगांना एक अरुंद पट्टा ४५० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानातून जातो. तिथे पोलादातला कार्बन क्रोमियमशी संयोग पावतो आणि स्फटिककणांच्या सीमांवर कार्बाइड साचते. सीमेलगतचा धातू क्रोमियमला मुकतो व संरक्षक ऑक्साइडचा थर तेथे दुबळा पडतो.

हे शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्यात प्रकाश खालून येतो आणि धातू अपारदर्शक असतो. धातूसाठी प्रकाश वरून, भिंगातूनच टाकावा लागतो. शिवाय नमुना आरशासारखा घासला तरी कण दिसत नाहीत. १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात विजेने पृष्ठभाग कोरावा लागतो. मग कणांमध्ये नुसत्या पायऱ्या दिसल्या तर ठीक. कणांना पूर्ण वेढणारे चर दिसले तर शंका.

लक्षात घ्या, शंकाच. एएसटीएम ए-२६२ या प्रमाणानुसार ही परीक्षा माल स्वीकारायला चालते, नाकारायला नाही. चर दिसल्यास पुढची आम्लपरीक्षा करावी लागते. आणि पायऱ्या दिसल्या म्हणजे भेगेचा धोका टळला, असेही नाही. भेग पडायला तिघांची संगत लागते: प्रवण धातू, ताण आणि पोषक परिसर. छायाचित्र यांपैकी एकाबद्दलच बोलते. क्लोराइडमुळे पडणाऱ्या भेगा तर बहुधा कणांच्या आरपार जातात. त्यांना चरांची गरज नसते. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे ९ मे १९८५ रोजी जलतरण तलावाचे छत कोसळून १२ जण दगावले. ते स्टेनलेसच्या टांगण्यांवर तोललेले होते आणि भेगांमागे क्लोराइड होते.

उपायही हेच सांगतात. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या (१९६९) उकळत्या पाण्याच्या जातीच्या. याच जातीच्या अमेरिकेतील भट्ट्यांत १९७०च्या दशकात ३०४ पोलादाच्या नळ्यांना जोडांलगत भेगा आढळल्या. त्यावर कमी कार्बनचे पोलाद वापरणे, जोडातला ताण घटवणे आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी करणे, असे तिन्ही अंगांनी उपाय झाले. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर विसंबून पहिलेच अंग हाती लागले असते.

तेव्हा वर्गात एवढे सांगावे: भिंग धातूचा पूर्वेतिहास दाखवते. तो कुठे, किती ओढ सोसत उभा राहणार आहे, हे आपल्यालाच विचारावे लागते.