पर्यावरण-चिन्हासाठी वस्तुप्रकारांची निवड : 'इकोमार्क' योजनेची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या वस्तूवर पर्यावरण-चिन्ह आढळले की ही वस्तू ठरविलेल्या निकषांना उतरली आहे काय, एवढाच प्रश्न सामान्यतः विचारला जातो. त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित होतो. निकष कोणत्या वस्तूंसाठी तयार करावयाचे, हे कोणी आणि कोणत्या आधारावर ठरविले? साबणाला चिन्ह मिळू शकते आणि मातीच्या भांड्याला मिळू शकत नाही, हा निर्णय प्रयोगशाळेतील चाचणीच्या कितीतरी आधी झालेला असतो. अशा योजनेचे यशापयश बव्हंशी या पहिल्या निर्णयातच ठरून जाते, हे भारतातील 'इकोमार्क' योजनेच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

योजनेचे स्वरूप

केंद्र शासनाच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने फेब्रुवारी १९९१ मध्ये इकोमार्क योजना अधिसूचित केली. तिची रचना त्रिस्तरीय होती. मंत्रालयातील सुकाणू समितीने वस्तुप्रकार निश्चित करावयाचे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळातील तांत्रिक समितीने विशिष्ट वस्तू व त्यांचे निकष ठरवावयाचे आणि भारतीय मानक ब्यूरोने तपासणी करून परवाना द्यावयाचा, अशी ही विभागणी होती. साबण व अपमार्जके, कागद, खाद्यपदार्थ, वंगणतेले, वेष्टन-साहित्य, रंग, विद्युतघट, विद्युत उपकरणे, खाद्यपदार्थांतील मिश्रके, लाकडाला पर्यायी साहित्य, सौंदर्यप्रसाधने, एरोसोल, प्लॅस्टिकच्या वस्तू, वस्त्रे, अग्निशामके आणि चामडे असे सोळा वस्तुप्रकार या योजनेसाठी निवडण्यात आले.

यादी भरगच्च होती, परंतु प्रतिसाद अत्यल्प लाभला. परवाना घेणारे उत्पादक मोजकेच निघाले आणि बहुसंख्य ग्राहकांना हे चिन्ह ओळखताही येत नव्हते. या अपयशाचे खापर सामान्यतः प्रसिद्धीच्या अभावावर फोडले जाते. ते कारण खरे असले तरी पुरेसे नाही.

यादीतील विसंगती

या यादीचे वर्गीकरण कोणत्याही एका तत्त्वावर आधारलेले नाही. 'प्लॅस्टिकच्या वस्तू' आणि 'चामडे' हे प्रकार द्रव्यावरून, 'वेष्टन-साहित्य' आणि 'अग्निशामके' उपयोगावरून, तर 'एरोसोल' हा प्रकार पदार्थ फवारण्याच्या पद्धतीवरून ठरलेला आहे. हा दोष केवळ तर्कशास्त्रीय नाही. पर्यावरण-चिन्ह एखाद्या वस्तूची तुलना तिच्याच प्रकारातील इतर वस्तूंशी करते. म्हणून प्रकाराची सीमा जेथे आखली जाते तेथेच तुलनेचीही सीमा पडते. द्रव्यावरून प्रकार पाडला की प्लॅस्टिकच्या पिशवीची स्पर्धा प्लॅस्टिकच्याच दुसऱ्या पिशवीशी होते. कापडी पिशवी त्या स्पर्धेत येतच नाही. दोन प्लॅस्टिक पिशव्यांतील त्यातल्या त्यात बरी पिशवी मग चिन्ह मिरवू शकते आणि ग्राहक मात्र त्याचा अर्थ 'पर्यावरणाला पूरक' असा घेतो.

या संपूर्ण यादीत 'लाकडाला पर्यायी साहित्य' हा एकच प्रकार असा आहे की, ज्याच्या नावातच 'कशाऐवजी?' हा प्रश्न अंतर्भूत आहे. खरे पाहता हा प्रश्न प्रत्येक प्रकाराबाबत विचारला जावयास हवा होता.

येथे एक आक्षेप संभवतो. अरुंद प्रकारातील तुलना मोजण्यास सोपी आणि वादास कमी वाव देणारी असते. कापड, कागद व प्लॅस्टिक यांची जीवनचक्राच्या आधारे तुलना करू गेल्यास किती वेळा वापर गृहीत धरावयाचा यावरच मतभेद होतात. हा आक्षेप रास्त आहे. परंतु मोजमाप कठीण आहे म्हणून मूळ प्रश्नच वगळणे हे त्याचे उत्तर नव्हे. वापराच्या संख्येविषयीचे गृहीतक जाहीरपणे मांडून तुलना करणे शक्य असते.

निवडीच्या कसोट्या : परदेशातील अनुभव

१९७८ मध्ये पश्चिम जर्मनीत सुरू झालेले 'ब्लू एंजल' हे या प्रकारचे पहिले चिन्ह होय. त्याचा आरंभ अवाढव्य यादीने झाला नाही. पुन्हा भरून वापरता येणाऱ्या बाटल्या, नव्याने रबर चढविलेले टायर, क्लोरोफ्लुरोकार्बनविरहित फवाऱ्याचे डबे अशा नेमक्या वस्तू त्यात प्रथम घेतल्या गेल्या. नव्या प्रकाराची सूचना कोणालाही करता येते आणि छाननीनंतर स्वतंत्र परीक्षक मंडळ निर्णय देते, ही तेथील पद्धत उल्लेखनीय आहे.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्डिक देशांच्या 'हंस' चिन्हाने वस्तुप्रकार निवडताना तीन कसोट्या वापरल्या. या प्रकारामुळे पर्यावरणाचा प्रश्न खरोखर उद्भवतो काय, त्यात सुधारणेला वाव आहे काय आणि ती सुधारणा चिन्हाच्या द्वारे घडवून आणता येते काय, अशा त्या कसोट्या होत. यांपैकी तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. प्रश्न गंभीर असेल, उपायही उपलब्ध असेल, तरीही खरेदीदाराच्या निवडीने काही बदलत नसेल तर तेथे चिन्हापेक्षा कायदा अधिक उपयुक्त ठरतो.

या कसोट्या भारतीय यादीला लावून पाहणे उद्बोधक आहे. चामड्याच्या बाबतीत पहिल्या दोन कसोट्या निर्विवादपणे पूर्ण होतात. क्रोमियमचा वापर करून चामडे कमावताना होणारे जलप्रदूषण सर्वज्ञात आहे आणि वनस्पतिजन्य द्रव्यांनी चामडे कमावण्याचा पर्यायही उपलब्ध आहे. परंतु चप्पल घेणाऱ्या ग्राहकाला तिचे चामडे कोठे व कसे कमावले गेले याची माहिती नसते. कागदाची स्थिती वेगळी आहे. त्याचा एक मोठा खरेदीदार स्वतः शासन आहे. शासकीय कार्यालयांनी चिन्हांकित कागदच घेण्याचे ठरविल्यास उत्पादकाला चिन्ह घेण्याचे सबळ कारण मिळते. सोळा प्रकारांना एकाच पंक्तीत बसविताना हा भेद विचारात घेतला गेला नाही.

वगळलेल्यांचा प्रश्न

इकोमार्कचे बोधचिन्ह मातीचा घडा हे आहे. माती हे निसर्गाशी एकरूप होणारे द्रव्य, घडा घडविण्यास लागणारी ऊर्जा अल्प आणि त्यातून घातक कचरा होत नाही, ही त्यामागील भूमिका. प्रत्यक्षात मात्र सोळा प्रकारांच्या यादीत मातीच्या भांड्यांचा प्रकार नाही. जी वस्तू आदर्श म्हणून चिन्हावर विराजमान झाली, तिच्या निर्मात्या कुंभाराला ते चिन्ह मागण्याची वाटच ठेवलेली नाही.

याच संदर्भात कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेता येईल. या चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावले जाते. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक उपदर्शन प्राप्त झाले. चामडे हा प्रकार यादीत असल्यामुळे येथे दार बंद नाही. पण उंबरठा फार उंच आहे. वस्तूने प्रथम भारतीय मानकातील गुणवत्तेच्या अटी पूर्ण कराव्यात, उत्पादकाने प्रदूषण-नियंत्रण कायद्यांखालील संमतिपत्रे सादर करावीत, अशी पूर्वअट योजनेत होती. कारखान्याला ही कागदपत्रे जमविणे शक्य असते. घरात बसून चपला शिवणाऱ्या कारागिराला चाचण्यांचा खर्चही परवडणारा नसतो. म्हणजे वस्तुप्रकाराची निवड करताना नकळत उत्पादकाच्या प्रकाराचीही निवड होऊन जाते.

एक देशी तुलना

२००६ मध्ये केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने तारांकन योजना सुरू केली. तिचा आरंभ शीतकपाट व ट्यूबलाइट यांसारख्या, घरगुती वीजवापरात लक्षणीय वाटा असलेल्या मोजक्या उपकरणांपासून झाला. २०१० पासून काही उपकरणांना तारांकन सक्तीचे करण्यात आले. आज दुकानात ग्राहक तारे मोजून उपकरण निवडताना दिसतो. याचे एक कारण असे की, येथे पर्यावरणाचे हित आणि ग्राहकाच्या वीजबिलाची बचत एकाच दिशेने जातात. दुसरे असे की, सक्तीमुळे निकृष्ट उपकरणालाही आपला एकच तारा दाखवावा लागतो. इकोमार्क ऐच्छिक असल्याने चिन्ह नसलेली वस्तू वाईट आहे की केवळ तिच्यासाठी अर्जच केलेला नाही, हे ग्राहकाला कळू शकत नाही.

समारोप

वस्तुप्रकार यादीत घेण्याइतकेच तो योग्य वेळी काढून टाकणेही आवश्यक असते. भारतात क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. जे कायद्यानेच सर्वांवर बंधनकारक झाले, त्याचे पालन केल्याबद्दल एरोसोलला गौरवचिन्ह देण्यात अर्थ उरत नाही.

१९९१ च्या योजनेची जागा सप्टेंबर २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या इकोमार्क नियमांनी घेतली आहे. जुन्या यादीचा फेरविचार करण्याची ही उचित संधी होय. प्रत्येक वस्तुप्रकार का निवडला याची कारणे प्रसिद्ध करावीत. प्रकार शक्यतो द्रव्यावरून न ठरविता वस्तूच्या कार्यावरून ठरवावेत. प्रत्येकाला फेरतपासणीची मुदत असावी. कारागिरांना सामूहिक प्रमाणपत्राची सोय असावी, असे सुचवावेसे वाटते. निकष कितीही काटेकोर केले तरी चुकीच्या प्रकाराला लावलेला निकष योग्य उत्तर देऊ शकत नाही. घड्याला आपल्याच चित्राखाली स्थान मिळते काय, हीच नव्या नियमांची साधी परीक्षा ठरेल.