वजिरासाठी

खेळात रमणे हा अपराध आहे काय? कर्जतच्या एका क्लबात परवा संध्याकाळी बुद्धिबळाचे डाव रंगलेले पाहून मला सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) हा चित्रपट आठवला. १८५६ साली इंग्रज अवधचे राज्य गिळीत असता मीर आणि मिर्झा हे दोघे जहागीरदार पटावरून मान वर करीत नाहीत. प्रेमचंदांच्या मूळ कथेत ते पटावरच्या वजिरासाठी भांडून एकमेकांच्या तलवारीने मरतात. राय त्यांना जिवंत ठेवतात आणि नवा डाव मांडायला लावतात. तोही इंग्रजी रीतीचा, जिथे वजिराच्या जागी राणी येते. मला हीच शिक्षा अधिक कठोर वाटते. मरणाने थोडी तरी अब्रू राहिली असती!

मात्र दोष पटाचा नव्हे. खालापूरच्याच मुलखात, उंबरखिंडीत, १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज अडचणीच्या वाटेत कोंडली. संख्येपेक्षा जागा मोलाची, हेच बुद्धिबळही शिकविते. लखनौकरांनी ती विद्या पटाबाहेर नेलीच नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत घरोघर पट जरूर मांडा. फक्त दाराची कडी वाजली, तर उठा म्हणजे झाले!