चेहऱ्यामधली शिवण

मूल कोणावर गेले आहे, याचा निकाल मराठी घरात बारशाच्या आधीच लागतो. नाक आत्याचे, कपाळ आजोबांचे, जिवणी आजोळची. चेहरा वारशाने येतो, आणि तरीही तो त्या मुलाचा एकट्याचा असतो. या दोन्ही गोष्टी आपण एका दमात मान्य करतो. छायाचित्रकलेला मात्र त्या एकत्र दाखवणे सोपे गेलेले नाही.

पहिला मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७७-७८ च्या सुमारास केला. एकाच काचेवर अनेकांचे चेहरे एकावर एक घ्यायचे आणि प्रत्येकाला प्रकाशाचा थोडा थोडा वाटा द्यायचा. जे समान ते ठळक होते, जे वेगळे ते विरून जाते. गॉल्टन यांनी या पद्धतीने कैद्यांचे चेहरे एकत्र केले. गुन्हेगाराचा नमुना हाती लागेल अशी अपेक्षा होती. पण मिश्र चेहरा मूळ चेहऱ्यांपेक्षा सौम्य निघाला, हे त्यांनीच नोंदवले. या पुराव्याने ते थांबले नाहीत. सुप्रजननासाठी ‘युजेनिक्स’ हा शब्द त्यांनी १८८३ मध्ये रूढ केला. माणसांऐवजी नमुने पाहण्याची सवय पुढे कुठवर गेली, हे विसाव्या शतकाने पाहिले आहे.

हेच तंत्र तत्त्वज्ञ लुडविग विट्गेन्श्टाइन यांनी १९२० च्या दशकात घरात आणले. त्यांचा स्वतःचा आणि तीन बहिणींचा चेहरा एकत्र केलेले छायाचित्र आजही पाहायला मिळते. मात्र त्यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’मध्ये त्यांनी मांडलेली कुटुंबसाम्याची कल्पना या चित्राला छेद देते. कुटुंबातल्या सर्वांत एकच समान खूण असावी लागत नाही. एकाचे डोळे दुसऱ्याशी जुळतात, दुसऱ्याची चाल तिसऱ्याशी. साम्य असे एकमेकांत गुंतत जाते; त्याला मधला गाभा नसतो.

क्वेबेकचे छायाचित्रकार उलरिक कोलेट यांची २००८ मध्ये सुरू झालेली ‘जेनेटिक पोर्ट्रेट्स’ ही मालिका या विचाराच्या अधिक जवळ जाते. आई-मुलगी, बाप-लेक, भावंडे अशा जोड्यांचे अर्धे अर्धे चेहरे ते संगणकावर उभ्या रेषेत जोडतात. येथे कोणी कोणात विरत नाही. आईच्या सुरकुत्या मधल्या शिवणीपाशी थांबतात आणि पलीकडे मुलीची नितळ कातडी सुरू होते. साम्य पटते ते नजर शिवण ओलांडते म्हणून, आणि व्यक्ती उरते ती शिवण दिसते म्हणून. गॉल्टन यांच्या चित्रात असा चेहरा दिसतो, जो कोणाचाच नाही. कोलेट यांच्या चित्रात दोघेही हजर असतात.

तरी या मालिकेला एक प्रश्न विचारायला हवा. चेहरे समोरून घेतलेले, भाव स्थिर, डोळे-ओठ एका पातळीत आणलेले. इतकी तयारी केल्यावर नात्यात नसलेले दोघेही थोडेफार जुळतील. म्हणजे साम्याचा काही भाग रक्ताचा आणि काही भाग मांडणीचा आहे. मालिकेच्या नावातला ‘जेनेटिक’ हा शब्द नेमके हेच झाकतो.

मराठीत आपण ‘आजोबांच्या वळणावर गेला’ असे म्हणतो. वळण अक्षराला असते, चालीला असते, वागण्यालाही असते. ते हालचालीत दिसते आणि सहवासाने लागते. दत्तक मुलालाही घराचे वळण लागते. विट्गेन्श्टाइन यांनी साम्याच्या यादीत चाल आणि स्वभाव घातले, ते याच जाणिवेने. स्थिर चेहऱ्यांची शिवण हे वळण पकडू शकत नाही, ही कोलेट यांच्या पद्धतीची मर्यादा. पण शिवण लपवायची नाही, हा त्यांचा निर्णय महत्त्वाचा आहे. माणसाला त्याच्या कुळाच्या खात्यावर जमा करण्याची घाई असलेल्या समाजाला ती मधली रेघ दिसत राहणे गरजेचे आहे.