वर्म्सनंतरचा ल्यूथर



मार्टिन ल्यूथरचं चरित्र तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, असं मी धरून चालतो. माझी तक्रार ते ज्या पद्धतीने सांगितलं जातं, त्याबद्दल आहे.

ती पद्धत साधारण अशी. ३१ ऑक्टोबर १५१७, विटेनबर्गच्या चर्चचं दार, हातात हातोडा, ९५ प्रमेयं. मग एप्रिल १५२१, वर्म्सची राजसभा, समोर सम्राट पाचवा चार्ल्स, आणि एकटा संन्यासी म्हणतो, ‘मी इथे उभा आहे.’ टाळ्या. पडदा.

आता बघा. त्या दिवशी ल्यूथरने प्रमेयं माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांना पत्रासोबत पाठवली, हे नक्की. हातोड्याची गोष्ट रूढ झाली ती मुख्यतः मेलांख्थॉनच्या लिखाणामुळे. ते लिहिलं गेलं ल्यूथर वारल्यावर, १५४६ मध्ये, आणि १५१७ साली मेलांख्थॉन विटेनबर्गात नव्हताच. वर्म्सचं ते गाजलेलं वाक्यसुद्धा सभेत झालेल्या नोंदींत नाही, नंतरच्या छापील आवृत्तीत आहे.

पण दंतकथा खोडण्यात मला फार रस नाही. हातोड्यापेक्षा ते पत्र जास्त धाडसाचं आहे, हे मला सांगायचंय. आल्ब्रेख्त यांनी आर्चबिशपपद मिळवण्यासाठी फुगर सावकारांकडून कर्ज काढलं होतं. पापक्षमापत्रं विकून येणाऱ्या पैशातला निम्मा वाटा त्या कर्जफेडीला आणि निम्मा रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला, असा व्यवहार ठरलेला. ल्यूथरला हा आतला हिशेब तेव्हा माहीत नव्हता. म्हणजे ज्याच्याकडे त्याने दाद मागितली, तोच त्या धंद्यातला भागीदार निघाला! दाराला कागद ठोकण्याच्या चित्रात हा व्यवहार कुठेच दिसत नाही.

वर्म्सचंही तसंच. पहिल्या दिवशी, ‘ही पुस्तकं मागे घेतोस का?’ असं विचारल्यावर ल्यूथरने एक दिवसाची मुदत मागितली. चरित्रकार हे घाईघाईने उरकतात. का? अभयपत्र हातात असूनही यान हुसला १४१५ मध्ये कॉन्स्टन्सला जाळलं होतं, हे त्याला पुरतं माहीत होतं. तो घाबरला असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या नकाराची किंमत उलट वाढते.

आणि पडदा इथे पडतो, ही माझी खरी तक्रार. कारण पुढे १५२५ येतं.

दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी मेमिंगेन इथे १२ मागण्या मांडल्या. गावाला आपला धर्मोपदेशक निवडू द्या. येशूने सगळ्यांना सोडवलंय, तर आम्ही सरंजामदारांचे वेठबिगार कसे? ही भाषा त्यांनी बायबलमधून घेतली होती. ल्यूथरने नवा करार १५२२ मध्येच जर्मन भाषेत आणला होता. तो आधी दोन्ही बाजूंना समजावत होता. उमरावांनाही त्याने खडसावलं. दंगल पेटल्यावर मात्र त्याने शेतकऱ्यांविरुद्ध अशी पुस्तिका लिहिली की, सरदारांना कत्तलीचा परवानाच मिळाला. हजारोंनी माणसं मारली गेली.

याला विश्वासघात म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. १५२० च्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरच्या निबंधातच त्याने आत्म्याचं स्वातंत्र्य आणि जगातली ताबेदारी यांची फारकत केली होती. बाहेरच्या मुक्तीचं वचन त्याने कधी दिलंच नव्हतं. म्हणजे तो बदलला नाही. त्याच्या विचाराची मर्यादा पहिल्यापासून तिथेच होती. आपण वर्म्सला थांबतो, म्हणून ती दिसत नाही. पोपची सत्ता त्याने नाकारली, पण पुढे चर्चचा कारभार गेला तो राजेरजवाड्यांच्या हाती. १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध त्याने जे लिहिलं, त्यातही सिनेगॉगं जाळा, हे राज्यकर्त्यांनाच सांगितलं होतं.

हे आपल्याशी कुठे जोडलंय? न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरच्या ग्रंथात आपल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या या धर्मसुधारणेशी केली. तेव्हापासून ती तुलना आपण अभिमानाने वापरतो: देशी भाषा, पुरोहिताची मध्यस्थी नको, वगैरे. साम्य आहेच. पण तुलना करायची तर पुरती करावी. देवापुढची समता गावाच्या वेशीपर्यंत, विहिरीपर्यंत आली का, हा १५२५ चा प्रश्न आहे, आणि तो आपल्यालाही लागू आहे.

ल्यूथरला लहान करण्यासाठी मी हे बोललो नाही. एका माणसाने विवेकाच्या नावावर पोप आणि सम्राट दोघांना नकार दिला, हे मोठंच आहे. पण तोच विवेक शेतकऱ्याने स्वतःसाठी मागितला तेव्हा काय झालं, हे ज्या चरित्रात नाही, ते अर्धं चरित्र आहे. पुढच्या वेळी कुठल्याही सुधारकाचं चरित्र हाती घ्याल, तेव्हा लेखकाने पडदा कुठे पाडलाय, तेवढं आधी बघा.

आता प्रश्न घेऊ.