झाक ब्रेल : आरंभीच्या गीतांतील भाषेचा प्रश्न

झाक ब्रेल (१९२९–१९७८) या बेल्जियन गीतकार-गायकाची आरंभीची गीते ही त्याच्या प्रौढ गीतांची केवळ पूर्वतयारी होय, असे मानण्याकडे टीकेचा कल असतो. हे मत सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि या दोहोंतील भेद वयापेक्षा भाषेचा अधिक आहे, ही गोष्ट त्यामुळे दृष्टिआड होते.

ब्रेलचा जन्म ८ एप्रिल १९२९ रोजी ब्रुसेल्सलगतच्या स्कारबेक येथे झाला. घराणे मूळचे फ्लेमिश, घरातील भाषा मात्र फ्रेंच. वडिलांच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातील नोकरी आणि ‘फ्रांश कोर्दे’ या कॅथलिक युवकसंघटनेतील वावर यांत त्याच्या तारुण्याची वर्षे गेली. १९५३ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि झाक कानेती याच्या बोलावण्यावरून तो पॅरिसला गेला. ‘जवळ केवळ प्रेम असते तेव्हा’ अशा अर्थाच्या १९५६ मधील गीताने त्याला कीर्ती मिळवून दिली. १९५७ साली शार्ल क्रो अकादमीचे पारितोषिकही त्याला लाभले.

या काळातील गीतांत प्रेम, आशा, श्रद्धा अशी भाववाचक नामे विपुल आहेत. गावांची नावे विरळ. जॉर्ज ब्रासांस याने त्याला थट्टेने ‘पाद्री’ म्हटले, ते याच उपदेशपर शब्दकळेमुळे. ही फ्रेंच निर्दोष आहे, परंतु ती कोणत्याही एका भूमीची नाही.

१९५९ मधील ‘ले फ्लामांद’ या गीतात फ्लेमिश स्त्रियांचा उपहास आहे व त्यावरून फ्लँडर्समध्ये रोष उसळला. पण उपहासासाठीही समोर विशिष्ट माणसे असावी लागतात. भाववाचक शब्दांची पकड येथे सुटली. १९६१ च्या ‘मारिके’ मध्ये ब्रुज व गेंट ही नगरे येतात आणि फ्रेंच ओळींच्या जोडीला फ्लेमिश ओळीही येतात. १९६२ मधील ‘ल प्ला पेई’ची उभारणी तर सपाट भूमी व तीवर चहूदिशांनी येणारे वारे यांवरच आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेल्जियममध्ये भाषिक सीमा निश्चित करणारा कायदा झाला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. मात्र कायद्याने विभागलेल्या दोन भाषा ‘मारिके’मध्ये आधीच एकत्र नांदत होत्या, हे लक्षणीय आहे.

सारांश, ब्रेलचा विकास म्हणजे उपदेशाचा त्याग एवढेच नव्हे. घरात न बोलल्या गेलेल्या वंशभाषेला गीतात स्थान देणे, हे त्याचे अधिक खोल अंग होय.